आजोबांची कावीळ

थोरलीने पत्रात विचारले आहे की तिकडच्या डॉक्टरांनी घरातल्या आजारांची माहिती मागितली आहे, तर आजोबा नेमके कशाने गेले ते लिहून पाठव. तुमच्या वडिलांनी 'कावीळ' असे सांगितले असेल. त्यांना ते मीच सांगितले होते आणि त्यांनी पुढे कधी विचारले नाही. डॉक्टरला अर्धवट माहिती देऊन चालत नाही, म्हणून सगळे क्रमाने लिहिते. पत्र थोरलीच्या नावाने असले तरी चौघांनी वाचावे आणि मग वडिलांना द्यावे.

तिकडच्या कागदासाठी एवढे पुरे: दारूने यकृत दगडासारखे झाले, पोटात पाणी झाले, शेवटी रक्ताच्या उलट्या. वय छत्तीस. यापुढचे कागदावर लिहू नका.

आम्ही तळोद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात राहत होतो. दुसरे महायुद्ध अजून सुरू व्हायचे होते. तुमचे आजोबा तिथल्या दवाखान्याचे डॉक्टर. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पुढे ओसरी आणि मागे आमचे घर. आजोबांच्या हाताखाली तळोद्याच्या एका जुन्या मुसलमान घरातला कंपाउंडर होता. बायका रोगी आल्या की मीही तिथे जाई, कारण डोंगरातल्या बायका परक्या पुरुषासमोर एकट्या बसत नसत. मी त्यांचा हात धरून बसे. इंग्रजी मॅट्रिक झालेली असल्याने बाटल्यांवरची नावे मला वाचता येत. दोन वर्षांत कंपाउंडर मला विचारल्याशिवाय बाटली उचलीनासा झाला.

आजोबा पहिल्यापासून पीत नव्हते. त्या भागात हिवताप फार. एका पावसाळ्यात त्यांनाही तो झाला आणि क्विनीनबरोबर त्यांनी ब्रँडी घेतली. त्या काळी डॉक्टर ती औषध म्हणून देतच असत. ताप गेला, ब्रँडी राहिली. पहिल्या वर्षी चमच्याने, दुसऱ्या वर्षी पेल्याने. तिसऱ्या वर्षी सुरतेहून येणारी बाटली पुरेना, तेव्हा बाजारातल्या गुत्त्यावरून मोहाची दारू येऊ लागली.

त्या गुत्त्याबद्दल सांगायला हवे. डोंगरातले लोक मोहाची दारू घरी गाळत, ती सणाला, लग्नाला, मरणाला; देवाला दिल्याशिवाय कोणी तोंड लावत नसे. ती गाळली तर गुन्हा आणि त्याच फुलांची दारू गुत्त्यावर मक्तेदाराने विकली तर तो धंदा. बाजाराच्या दिवशी बायका डोक्यावर चारोळी आणि सरपण घेऊन वीस-वीस मैल उतरत. दुपारी त्याच बायका गुत्त्यासमोरच्या चिंचेखाली मुले मांडीवर घेऊन बसलेल्या असत, नवरा कधी बाहेर येतो आणि आपल्याला मारल्याशिवाय घरी नेतो का याची वाट पाहत. डोकी फुटलेल्या बायका संध्याकाळी दवाखान्यात येत. आजोबा त्यांना टाके घालत आणि मला म्हणत, "बघ, रानटी लोक." तेव्हा त्यांच्या तोंडाला त्याच गुत्त्याचा वास येत असे.

आमच्या घरात डोके कधी फुटले नाही. शिकलेल्या घरात वेगळ्या तऱ्हा असतात. एकदा मी बाटलीत पाणी मिसळले. त्यांनी पहिल्या घोटात ओळखले. त्यांनी कंपाउंडरला बोलावले, त्याच्यासमोर पेला भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅट्रिक झालेली बाई आहे. तिला चव कळली पाहिजे. पी." मी प्याले. कंपाउंडर जमिनीकडे बघत उभा होता. आजोबांनी मला आणखी एक पेला दिला.

तुमच्या वडिलांच्या डाव्या हातावरचा डाग भाजल्याचा आहे हे तुम्हाला माहीत आहे. तीन वर्षांचा असताना चुलीजवळ पडला, असे आम्ही सांगत आलो. चुलीजवळ तो नव्हता. आजोबांनी हाक मारली तेव्हा तो खेळत राहिला. दुसऱ्या हाकेला आजोबांनी हातातला चहा त्याच्यावर फेकला. नंतर स्वतःच मलम लावले, फार व्यवस्थित. पट्टी इतकी सुबक बांधली होती की कंपाउंडर म्हणाला, "सायेब, अशी पट्टी धुळ्यालाबी कोणी बांधाव नई."

त्या दिवसापासून मी रडणे बंद केले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवू लागले. त्यांच्या कपाटात वैद्यकाचे जाड इंग्रजी पुस्तक होते. त्यातले यकृताचे प्रकरण मी वाचले. आधी तळवे लाल होतात, मग छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रेषा उमटतात, मग भूक जाते. आंघोळीचे पाणी काढून देताना मी त्यांची छाती बघत असे. पहिली रेष दिसली तेव्हा मला समाधान वाटले. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरे सांगायचे ठरवले आहे.

माघात एक म्हातारा आपल्या मुलीला झोळीतून घेऊन आला. धडगावच्याही वरच्या एका पाड्यातून ते दोन दिवस चालत आले होते. मुलगी सतरा-अठरा वर्षांची. जबड्याखाली लिंबाएवढे गळू झाले होते, तोंड उघडत नव्हते, तरी ती हसत होती. तिने माझ्या चष्म्याकडे बोट दाखवून बापाला काहीतरी सांगितले. कंपाउंडर हसला. "भाभी, ती म्हनस, या बाईनं डोयाले खिडक्या लाई लिध्यात."

गळू कापायचे होते. काम पाच मिनिटांचे. सकाळचे दहा वाजले होते आणि आजोबांचे पाय ठिकाणावर नव्हते. कंपाउंडर हळूच माझ्याजवळ आला.

"भाभी, सायेबना हात थरथरी ऱ्हायना. आज कापू देऊ नका. उद्या करूत."

"तूच सांग ना त्यांना."

"मन्हं त्या ऐकतस का? तुम्ही सांगा."

मी सांगितले नाही. चार लोकांसमोर नवऱ्याचा पाणउतारा करायचा नाही, एवढेच मला माहेरी शिकवले होते, आणि त्यांच्या तोंडाला तोंड दिले की घरात काय होते तेही मला ठाऊक होते. मी मुलीचा हात धरून बसले. आजोबांनी सुरी धरली. ती गळवाच्या खाली सरकली आणि खोल गेली. रक्त धारेने आले, माझ्या चष्म्यावर, भिंतीवर. आजोबा "कापूस, कापूस" म्हणत राहिले आणि कापूस त्यांच्या हातातच होता. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की नंतर कंपाउंडरला तिची बोटे एकेक करून सोडवावी लागली.

म्हातारा ओरडला नाही. त्याने मुलीला पुन्हा झोळीत घातले. जाताना आजोबांच्या जवळ येऊन त्याने त्यांचे तोंड हुंगले, गुरे हुंगतात तसे, आणि निघून गेला.

त्यानंतर डोंगरातले एकही माणूस आमच्या दवाखान्यात आले नाही. बाजाराला लोक उतरत, ओसरीसमोरून जात आणि दवाखान्याकडे पाठ करून थुंकत. वैशाखात वर देवीची साथ आली. पाड्यापाड्यांतून पोरे गेल्याचे कानावर येई. टोचून घ्यायला कोणी खाली आले नाही, आणि वर जाण्याची आमची छाती नव्हती.

आजोबा आणखी प्यायले. ज्येष्ठात ते दवाखान्यातच कोसळले. डोळे हळदीसारखे, पोट आठव्या महिन्यातल्या बाईसारखे. बैलगाडी आणि मग मोटार करून त्यांना धुळ्याला नेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पोटातून घमेलेभर पाणी काढले आणि येताना माझ्या हातात इंग्रजीत चिठ्ठी दिली. तिचा अर्थ असा: यापुढे दारूचा थेंब नको, आता एक वेळ प्याले तर वाचणार नाहीत. ती चिठ्ठी आजोबांनी वाचली आणि मीही वाचली.

त्यांनी सोडली. ती कशी सोडली हे मी पाहिले आहे. आठ दिवस त्यांना भिंतीवर मुंग्या दिसत, त्या झाडायला ते मला सांगत आणि मी झाडण्याचे सोंग करी. नंतर हळूहळू भूक आली. पोट उतरले. भाद्रपदात त्यांनी तुमच्या वडिलांच्या शर्टाला स्वतः बटण लावले आणि सुईत दोरा पहिल्या खेपेला गेला, तेव्हा हात पुढे करून मला दाखवला. "बघ." मी बघितले आणि दुसऱ्या कामाला लागले. तो माणूस माझ्याकडून एका बऱ्या शब्दाची वाट बघत होता. आठ महिने मी तो दिला नाही. दारू पिणाऱ्याचे काय सडते ते पुस्तकात आहे. शेजारी बसून बघणाऱ्याचे काय सडते ते मला त्या पुस्तकात सापडले नाही.

होळीला पाच-सहा दिवस होते. सकाळी ओसरीवर तोच म्हातारा येऊन उभा राहिला. बरोबर चार पंच, एक बोकड आणि मातीच्या मडक्यात दारू. आजोबा खुर्चीतून उठले, त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटले मारायला आले.

म्हाताऱ्याची बोली आम्हाला कळत नसे. कंपाउंडर एकेक वाक्य सांगत गेला. त्यांच्याकडे होळी पेटण्याआधी जुने वैर मिटवतात. ज्याचा अपराध असेल त्याने पंचांना दारू द्यायची, मेलेल्या माणसाचे नाव घेऊन सगळ्यांनी एकत्र प्यायची आणि मग तो विषय कायमचा संपला, कोणी पुन्हा काढायचा नाही. डॉक्टर बाहेरचा माणूस, त्याला रीत माहीत नाही, म्हणून दारू आणि बोकड म्हाताऱ्याने स्वतःच आणले होते. वर पोरे मरत आहेत, दवाखाना उघडायला हवा, असे पंचांनी त्याला समजावले होते. ज्याने मुलगी मारली त्याच्या दारात तो स्वतःच्या घरची दारू घेऊन आला होता.

आजोबा मटकन खाली बसले आणि तोंडावर हात धरून रडू लागले. पंच कौतुकाने बघत राहिले. त्यांच्यातला एक जाडा, मिशीवाला पंच मोडक्या मराठीत गमतीने म्हणाला, "डागतर, तुझी दारू काचेतली, म्हणून तुला चढते. आमची पानातली पी. माणूस होशील." सगळे हसले. आजोबाही रडता रडता हसले.

पळसाच्या पानांचे द्रोण मांडले गेले. पहिली धार जमिनीवर, देवांना. मग म्हाताऱ्याने भरलेला द्रोण दोन्ही हातांनी आजोबांसमोर धरला. आजोबांनी तो घेतला. हातात धरला आणि माझ्याकडे बघितले.

मी दाराच्या चौकटीत उभी होते. कंपाउंडर पटकन माझ्याजवळ आला.

"भाभी, तुम्ही बोला. सायेबले माहीत नई. प्यावाले पाहिजे असं काही नई शे. आजारी मानूस ऱ्हायना, बाळंतीन ऱ्हायनी, तर व्हटले लायीसन मातीले पाजतस. मातीनी पिधी म्हणजे त्यानी पिधी. मी म्हातारले सांगस ना, पन सायेबना तोंडवर दारूनं नाव मी कसं काढू? तुम्ही घरनी बाई. तुम्ही फक्त सांगा, मानूस आजारी शे."

ओठाला लावून मातीत ओतली तरी रीत पुरी होत होती. दोन शब्दांचे काम होते. मी बोलले असते तर म्हाताऱ्याने स्वतःच द्रोण मातीवर उपडा केला असता.

मी म्हणाले, "डॉक्टर आहेत ते. त्यांचं त्यांना कळतं."

कंपाउंडर मागे सरकला. आजोबा अजून माझ्याकडेच बघत होते, शाळेतले पोर मास्तरांकडे बघते तसे. मान हलवली असती तरी पुरे होते. पण मला ते बघायचे होते. मला बघायचे होते की कोणी न सांगता हा माणूस स्वतःहून नाही म्हणतो का. आणि त्याच्या खाली, थोडे आत, मला बघायचे होते की तो म्हणत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तुमच्या वडिलांचा भाजलेला हात होता, आणि त्या मुलीची पाच बोटे. मी चेहरा दगडासारखा ठेवला.

त्यांनी मुलीचे नाव घेतले. म्हाताऱ्याने शिकवले तसे, नीट. आणि द्रोण एका घोटात रिकामा केला. पंचांनी आनंदाने आवाज केला. दुसरा द्रोण त्यांनी मागून घेतला. तिसऱ्याला त्यांनी कोणाची वाट पाहिली नाही, मडक्यातच द्रोण बुडवला. पंच पहिल्यांदा हसले, मग एकमेकांकडे बघू लागले. रीतीची दारू त्यांच्यात असे कोणी पीत नसे. म्हाताऱ्याने मडके हळूच स्वतःच्या मागे सरकवले.

ते गेल्यावर आजोबा टोपी घालून बाहेर पडले. कुठे, हे विचारायची गरज नव्हती.

दवाखाना मात्र उघडला. दुसऱ्याच बाजाराला डोंगरातल्या बायका पोरांना टोचून घ्यायला ओसरीवर रांगेत बसल्या. आजोबा तेव्हा आतल्या खोलीत गादीवर होते. कंपाउंडरने टोचले आणि मी पोरांचे दंड धरले. आतून हाक येई, "अगं, पाणी." मी एक दंड टोचून होईपर्यंत जात नसे.

ते अठरा दिवस जगले. पोट पुन्हा भरले. मग डोळे, मग नखेसुद्धा पिवळी झाली. शुद्धीवर असत तेव्हा ते मला एकच विचारत, "तू तेव्हा काही बोलली का नाहीस?" मी त्यांचे तोंड पुसत असे. फाल्गुन सरता सरता, भर दुपारी, त्यांनी रक्त ओकले, ते गादीतून खाली पाझरले. तुमच्या वडिलांना मी शेजारी पाठवले होते, पण ते खिडकीत उभे होते. त्यांना ते आठवते की नाही, मला माहीत नाही. कधी विचारले नाही.

पाचव्या दिवशी म्हातारा आला. या वेळी एकटा. डोक्यावर लाकडाची मोळी होती. त्यांच्याकडे सोयऱ्याच्या घरी कोणी मेले तर लाकूड घेऊन जातात, आणि त्या द्रोणानंतर आम्ही सोयरे झालो होतो. त्याला यायला उशीर झाला होता, चिता केव्हाच विझली होती. त्याने मोळी ओसरीवर ठेवली. मग तो कंपाउंडरशी बराच वेळ बोलला. आवाज चढत गेला. शेवटी त्याने माझ्याकडे वळून काहीतरी विचारले.

"काय म्हणतो?"

कंपाउंडरने ओठ चाटले. "म्हनस, त्याले कोनी बाजारमा सांगं, डागतरना पोटमा आधीपासून दुखनं व्हतं. दारू त्याले इख व्हती. म्हनस, मी मन्ही पोरनं नाव लिसन मानसाले इख पाजं का? तुमले माहीत व्हतं का, असं इचारी ऱ्हायना."

म्हाताऱ्याचे हात लोंबत होते. दोन दिवस चालून त्याच्या पायांच्या टाचा फुटल्या होत्या. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मी काय म्हणते यावर तो पुढचे आयुष्य कसे काढणार हे ठरणार होते, हे मला त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होते.

मला माहीत होते असे मी म्हणाले असते तर त्याच्या डोक्यावरचे ओझे माझ्या डोक्यावर आले असते.

"मला काही माहीत नव्हतं," मी म्हणाले.

कंपाउंडरने क्षणभर माझ्याकडे बघितले. मग त्याने ते वाक्य म्हाताऱ्याला त्याच्या बोलीत सांगितले, एक शब्द न बदलता. म्हातारा तिथेच ओसरीच्या पायरीवर खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेऊ लागला. कंपाउंडर त्याचे हात धरत होता. मी आत गेले आणि दार लावून घेतले.